गाडी माझ्या नावावर होती

गाडी माझ्या नावावर घेतली, हे आमच्या सरांनी सगळ्यांना सांगितलं. मला मात्र सगळ्यात शेवटी. शोरूममध्ये लाल कापडाखाली काहीतरी म्हशीच्या गोठ्याएवढं झाकून ठेवलं होतं. एका मुलीनं माझ्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली दिली आणि 'मॅडम, स्माईल' म्हणाली. मी हसले. तो फोटो पुढे सहा महिने आमच्या क्लासच्या माहितीपत्रकावर होता.

सर म्हणजे माझे यजमान. लातुरात त्यांना सगळे सरच म्हणतात, मग मीही तेच म्हणू लागले. ते भौतिकशास्त्र शिकवतात, मी जीवशास्त्र. मी माहेरची नांदेडची, लग्न करून लातुरात आले. दोन खोल्यांत, पत्र्याच्या शेडखाली आम्ही क्लास सुरू केला. आता चार मजले आहेत. एवढी वर्षं आम्हाला साध्या गाडीनं नेलं-आणलं, तिनं कधी तक्रार केली नाही. पण समोरच्या रस्त्यावरच्या रसायनशास्त्रवाल्या सरांनी परदेशी गाडी घेतली आणि आमच्या सरांना जेवण गोड लागेना.

"पालक गाडी बघतात गं," ते म्हणाले. "सर कशातून उतरतात, ते बघूनच ॲडमिशन ठरवतात."

"मग शिकवता कशाला? नुसतं उतरत बसा," मी म्हणाले.

गाडी आली. पहिल्याच दिवशी ती आमच्या फाटकातून आत गेली नाही. फाटकाचा एक खांब पाडला, शेजाऱ्यांच्या कडुलिंबाची फांदी तोडली, शेजारी बोलायचे बंद झाले. गाडीला समोर, मागे, बाजूला डोळे होते, आणि जवळ काही आलं की ती ओरडायची. क्लासच्या वेळेला आमच्या रस्त्यावर हजारभर सायकली आणि स्कूट्या असतात. तिथून जाताना ती इतकी ओरडायची की जणू घाबरट नवी नवरीच सासरी आली आहे. आत एक बाई इंग्रजीत बोलायची. मी बार्शी रोड म्हणाले की ती मला बंगळूरचा रस्ता दाखवायची. मागचं दार म्हणे पाय हलवला की आपोआप उघडतं. मंडईत हातात दोन पिशव्या घेऊन मी गाडीखाली लाथा झाडत उभी होते, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "बाई, मुंग्या आल्या का पायाला?"

वरती काचेचं छत. आमच्याकडे एप्रिलात माणसं सावलीसाठी एकमेकांच्या आडोशाला उभी राहतात, आणि इथे छतातून ऊन आत यायची खास सोय. मधल्या रांगेत दोन सिंहासनं, दुधी रंगाच्या कातड्याची. आणि त्यामागे तिसरी रांग. तिथे बसायचं तर माणसाला गुडघे घरी ठेवून यावं लागेल. हिलाच कंपनी कुटुंबाची गाडी म्हणत होती. कुटुंब म्हणजे दोघं राजे आणि मागे तीन गाठोडी, असा काहीतरी त्यांचा समज असावा.

निकालाच्या दिवशी सरांनी त्या छताचा उपयोग शोधून काढला. आमच्या क्लासची पहिली आलेली मुलगी आणि दुसरा आलेला मुलगा, दोघांना छतातून वर उभं केलं, पुढे हलगी, मागे घोषणा, वरून गुलाल. मी गाडी चालवत होते. मुलीचे पाय माझ्या कानाशी थरथरत होते. ती खाली वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, उतरू का? मला गरगरून राहिलं." मी थांबवली असती, पण मागून सर ओरडले, "चालू ठेव, चालू ठेव, व्हिडिओ चालू आहे." ती पोरगी चौकापर्यंत हसत उभी राहिली. दुधी कातड्यावर गुलाल बसला तो बसलाच. सर दोन दिवस शांपूनं सीट घासत होते. त्या पोरीला कसं वाटतंय हे फोन करून विचारावं, असं त्यांना सुचलं नाही. मलाही नाही, हे इथेच सांगते.

मग नांदेडची शाखा उघडायची ठरली, आणि फीत आईनं कापायची हेही ठरलं.

सरांची आई, माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, किल्लारीच्या बाजूच्या एका पुनर्वसित गावात एकट्या राहतात. भूकंप झाला तेव्हा सर बारावीला होते आणि लातुरात खोली करून राहत होते, म्हणून वाचले. घरातले वडील आणि धाकटी बहीण गेली. आत्याबाई वाचल्या. आम्हाला तिकडे नांदेडात मांडणीवरची भांडी वाजली, तेवढाच तो भूकंप. सर मात्र दरवर्षी पहिल्या तासाला नव्या मुलांना ही गोष्ट सांगतात. ढिगारा, आईचे अश्रू, कंदिलाखालचा अभ्यास. मुलं रडतात, पालक मागे उभे राहून डोळे पुसतात. मी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की ते कुठे श्वास घेणार हे मला ठाऊक आहे. आत्याबाईंच्या तोंडून मात्र मी कधी एक शब्द ऐकला नव्हता. विचारलंही नव्हतं.

आम्ही त्यांना घ्यायला गेलो तेव्हा गाडीभोवती निम्मं गाव जमलं. शेजारच्या एका म्हाताऱ्यांनी काठीनं टायर ठोकून बघितलं.

"किती माणसं बसत्यात ह्याच्यात?"

"सात," सर अभिमानानं म्हणाले.

"सातच? आमच्या काळीपिवळी जीपमधी अठरा बसत्यात," असं म्हणून म्हातारे निघून गेले. त्या दिवशीचं सगळ्यात शहाणं बोलणं तेच.

आत्याबाई नवी हिरवी साडी नेसून, पिशवीत भाकरी-चटणी बांधून आल्या. सरांनी त्यांना हाताला धरून मधल्या सिंहासनावर बसवलं आणि पट्टा लावला. त्या काठावर बसल्या, पाठ न टेकवता, परक्याच्या घरी बसावं तशा.

"नीट टेकून बस की माय."

"बसले की. हाय ती बरी हाय."

मी चालवत होते, सर माझ्या शेजारी गाडीच्या टचस्क्रीनच्या पडद्याशी खेळत होते. औसा गेलं, लातूर गेलं, चाकूर मागे पडलं. आत्याबाईंचा जरा डोळा लागला, पाठ टेकली. आरशात मला त्यांचं उघडं तोंड दिसत होतं. तेव्हा सर पडद्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघून मिश्कील हसले. काय करताहेत ते मला कळलं नाही.

मधल्या सीटला मालिश करायची सोय होती. पाठीत, कमरेत, मांडीखाली. सरांनी ती पूर्ण जोरावर चालू केली.

आधी एक आवाज आला, जनावराच्या घशातून येतो तसा. मग "हाललं! हाललं! भाईर व्हा!" आत्याबाई पट्ट्यासकट उठायला बघत होत्या. पट्टा त्यांना मागे खेचत होता. त्यांनी दाराची कडी ओढली. दार उघडेना. चालत्या गाडीचं दार आपोआप बंद राहतं, ही कंपनीनं केलेली सुरक्षा. त्या दोन्ही हातांनी काचेवर मारू लागल्या. "दार उघडा! अरे दार उघडा की कुणीतरी!" सर मागे वळून ओरडत होते, "माय, काही नाही, मशीन आहे, मशीन!" आणि पडद्यावर बोट आपटत होते, पण ते पान कुठे गेलं ते त्यांना सापडेना. गाडीतली बाई मध्येच इंग्रजीत काहीतरी विचारू लागली.

मी गाडी कडेला घेतली. कुलूप उघडायचं बटण मला दोनदा चुकलं. दार उघडलं, पट्टा सोडला, आणि आत्याबाई जवळजवळ खाली पडल्या. बाभळीखाली जाऊन मातीत बसल्या आणि दोन्ही तळहात जमिनीवर पसरून ठेवले. जमीन थांबली आहे का, हे बघत होत्या.

सर उतरले. पंचवीस वर्षं तरंग आणि कंपनं शिकवणारा माणूस. 'भूकंपलहरी' या धड्याची त्यांची चित्रफीत लाखभर पोरांनी बघितली आहे.

"माय, ते मालिशचं मशीन होतं. तुझी कंबर दुखते ना, म्हणून लावलं."

आत्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मला सांगायचं व्हतं न्हाई का रे?"

इथे ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण शिक्षक माणूस. उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. ते जाऊन स्वतः त्या सीटवर बसले, यंत्र चालू केलं आणि उघड्या दारातून म्हणाले, "हे बघ, काही होत नाही. हे बघ, मी बसलो की नाही?" आणि त्या दुधी सीटवर त्यांचे खांदे, गाल, पोट थरथर हलत होतं.

पंच्याहत्तरीच्या पुढची ती बाई उठली कधी आणि गाडीपाशी पोचली कधी, मला दिसलंच नाही. तिनं लेकाचा दंड धरला आणि ओढला. "उतर! आधी उतर तिथून!" सरांचा एक पाय आत, एक बाहेर, सदऱ्याची बाही टराटरा फाटली. ओढून बाहेर काढलं तरी त्या दंड सोडेनात. पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या पोराला पोटाशी धरून उभ्या राहिल्या. रस्त्यानं ट्रक जात होते.

आत्याबाई पुन्हा गाडीत बसणार नव्हत्या, हे सांगावं लागलं नाही. थोड्या वेळानं नांदेडची लाल एसटी येताना दिसली. मी हात केला. फाटा नव्हता, तरी ड्रायव्हरनं थांबवली. बहुधा रस्त्यात दोन बाया आणि मागे उघड्या दारांची एवढी मोठी गाडी बघून काहीतरी वाईट झालंय असं त्याला वाटलं असावं. मी किल्ली सरांच्या हातात दिली आणि आत्याबाईंबरोबर चढले. कंडक्टरनं गाडीकडे आणि माझ्याकडे बघितलं.

"गाडी कुणाची?"

"माझी," मी म्हणाले, आणि बायकांचं अर्धं तिकीट मागितलं.

एसटी हलत होती, खडखडत होती, खिडक्यांच्या काचा दातांसारख्या वाजत होत्या. मी सारखी आत्याबाईंकडे बघत होते. त्या निवांत बसल्या होत्या. शेवटी मी विचारलं, "आत्याबाई, ही पण हलते की. भीती नाही वाटत?"

"हलल्याचं भ्या न्हाई मला," त्या म्हणाल्या. मग खिडकीतून बाहेर बघत, "दार उघडलं न्हाई, त्याचं हाय."

आणि सांगितलं. त्या पहाटे त्या परसात गेल्या होत्या. बाप-लेक आतल्या खोलीत. हललं तेव्हा त्या बाहेर होत्या. खोलीचं दार चौकटीत अडकलं, आतून वरची माती कोसळून पडली. पोरगी आतून हाक मारत होती. त्या बाहेरून दार ओढत होत्या. नखं निघाली. "लई वेळ हाक मारली तिनं. मंग बंद झाली." इतकंच. मध्येच कंडक्टरनं कुणाशी तरी सुट्ट्यावरून भांडण काढलं. आत्याबाईंनी पिशवी उघडून मला भाकरी दिली. मी ती खाल्ली. चेतासंस्था मी वर्षातून सहा तुकड्यांना शिकवते, भीती मेंदूत कुठे असते तेही शिकवते. शेजारच्या बाईचं दार कुठे अडलंय हे कळायला मला एसटीत बसावं लागलं. सरांना मी हसत आले होते, पण त्यांच्याहून माझं काही फार वेगळं नव्हतं.

मागच्या काचेतून बघितलं तर सर गाडी घेऊन एसटीच्या मागे येत होते. सात माणसांच्या गाडीत एकटे, फाटक्या बाहीनं. एसटी थांबली की थांबत, सुटली की सुटत. पुढे जाता आलं असतं त्यांना. गेले नाहीत. नांदेड येईपर्यंत एसटीचा धूर खात आले.

फीत कापली गेली. आत्याबाई कार्यक्रमाला रिक्षातून आल्या आणि परत गेल्या एसटीनंच. सूत्रसंचालन करणाऱ्यानं सरांना 'आपली ती भूकंपाची प्रेरणादायी आठवण' सांगायची विनंती केली. सर माइकपाशी उभे राहिले, समोर बसलेल्या आईकडे बघितलं, आणि म्हणाले, "चहा घेऊन जा सगळ्यांनी."

यातून सर बदलले, गाडी विकून सायकलवर आले, असं काही झालं नाही. माणसं एवढी सुधारत नसतात. गाडी आहे. परवाच तिला मागे नवीन दिवे बसवून आणले. रसायनशास्त्रवाल्यांनी बसवले होते.

पण त्या दिवाळीनंतर एकदा सर सकाळी पिशवी घेऊन निघाले. किल्ली खुंटीलाच होती. "कुठे?" म्हटलं. "मायकडे. एसटीनं जातो." चार दिवस राहिले. इतकी वर्षं ते तिथे तासाभरापेक्षा जास्त थांबलेले मला आठवत नव्हतं. मी त्यांच्या तासांना मुलांना गणितं सोडवायला बसवलं आणि ओरडत राहिले. परत आले तेव्हा मान उन्हानं रापली होती आणि हाताला रंध्याचे ओरखडे होते.

"काय केलंत चार दिवस?" मी विचारलं.

"दारं तासली," ते म्हणाले. "घरातली सगळी. पावसाळ्यात फुगून घट्ट बसायची."

बाकी मायलेकांत काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी पाणी दिलं, ते प्यायले, आणि संध्याकाळच्या तुकडीला शिकवायला गेले.