चुन्याऐवजी गेरू

"मॅडम, भागरता दारातच अडकून राहिली जी. पाय उचलतच नाही. का करू?"

फोनवर मंसारामभाऊ होते. लॉकडाऊनचे दिवस. मी गोंदियात घरी बसलेली, ते सालेकसाजवळच्या खेड्यात, आणि त्यांची बायको भागरताबाई उंबरठ्यावर खिळलेली.

"ओढू नका, पडतील! तुमचं पाऊल त्यांच्यापुढे आडवं ठेवा आणि म्हणा, ओलांड."

थोड्या वेळानं तिकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. बाई बाहेर आल्या होत्या.

मी फिजिओथेरपिस्ट. भागरताबाईंना पार्किन्सन, म्हणजे कंपवात. या आजारात चालता चालता माणूस एकदम थबकतो. आम्ही त्याला फ्रीजिंग म्हणतो. दार आलं, वळण आलं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. बरं, पडायच्या भीतीनं बसून राहावं, तर अंग आखडतं आणि माणूस कायमचा खाट धरतो. म्हणून चालणं थांबू द्यायचं नाही. एरवी दोघं दर आठवड्याला पॅसेंजरनं माझ्याकडे यायचे. हंगामात पदराच्या गाठीत माझ्यासाठी मोहफुलं असायची. अजून तो वास आठवतो. आता गाडीच बंद.

व्हिडिओ कॉलला नेटवर्क नाही. मी फोनवरच सांगितलं, "घरात चुना आहे ना? दारापासून अंगणभर आडव्या रेघा मारा, पावलापावलावर. नजरेला खूण मिळाली की अडकलेला पाय सुटतो."

संध्याकाळी फोन आला. "मॅडम, चालून राहिली नं जी! पुरं अंगन फिरली!"

मी घरात एकटीनंच टाळ्या पिटल्या.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. आवाज पार पडलेला. "रेघा पुसून टाकल्या जी."

"काऊन?" मीही त्यांच्याच बोलीवर आले.

"लोकं म्हनतेत, यायच्या घरी कोरोना निंगाला."

अरे देवा! त्या दिवसांत चुना म्हटलं की एकच अर्थ. दुकानापुढे चुन्याचे गोल, बंद केलेल्या घरापुढे चुन्याची रेघ. यांच्या अंगणात तर रेघाच रेघा! दूधवाला फिरकेना, हातपंपावर बायका बाजूला सरकायच्या. शेजारची फुलवंता, भागरताबाईंची जिवाची मैत्रीण, तिनंही दाराला आतून कडी घातली.

"भागरता रडून राहिली. म्हनते, मी आता चालतच नाही."

माझं डोकंच सणकलं. "भाऊ, स्पीकर लावा आणि फुलवंताबाईंच्या दारापुढे जाऊन उभे राहा."

ते राहिले. मी इकडून ओरडले, "अहो बाई, हा आजार लागत नाही! ती चुन्याची रेघ चालायसाठी होती. तुमची मैत्रीण आत्ता बसली तर कायमची बसेल!"

मग बंद दारामागून आवाज आला, "मंग चुना कायले मारला? गेरू नव्हता का घरी?"

गेरू, म्हणजे सणासुदीला भिंतीवर पट्टे ओढतो ती तांबडी माती. ती पाहून कोण घाबरणार? दुसऱ्या दिवशी फुलवंतानंच तोंडाला पदर बांधून अंगण सारवलं आणि गेरूच्या रेघा ओढल्या. मग रोज सकाळी ती आपल्या अंगणातून हाकारायची, "ओलांड वं बाई, ओलांड!" मंसारामभाऊ मुद्दाम फोन लावून मला ते ऐकवायचे. माझा चहा तेवढ्यात गार व्हायचा, पण तो फोन चुकला की मला करमायचं नाही.

गाड्या सुरू झाल्यावर दोघं आले. माझ्या दवाखान्याच्या चकचकीत फरशीपाशी भागरताबाई थबकल्या. मी उठेपर्यंत मंसारामभाऊंनी पिशवीतून गेरूचा खडा काढला आणि, न विचारता, माझ्या फरशीवर रेघ ओढली.

बाई ओलांडून आत आल्या. म्हणाल्या, "सारंच पुसून ठेवता जी तुमी. मानसानं चालाचं कसं?"

भागरताबाई आता नाहीत. फार आठवण येते. शेवटच्या आजारपणापर्यंत त्या अंगणात आपल्या पायांनी फिरल्या. माझ्या दारातली रेघ मात्र मी दर दिवाळीला गेरूनं पुन्हा ओढते. शिकायला येणाऱ्या मुली विचारतात, तेव्हा एवढंच सांगते: रेघ कुठं मारायची ते पुस्तकात आहे. कशानं मारायची, ते शेजारणीला विचारा.