एपिरसचा राजा कोणाचा

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात आमच्यासारख्या रिटायर झालेल्यांना वर्गात मागे बसू देतात. परीक्षा नाही, मार्क नाहीत. गेल्या हिवाळ्यात मी प्राचीन ग्रीसचा वर्ग धरला आणि माझ्या डॉक्टर मैत्रिणीलाही ओढून नेलं. मैत्रीखातर नव्हे हं. बर्फात तिला गाडी चालवता येते, मला येत नाही. हा स्वार्थ मला चांगलाच भोवला.

पुण्यात माझं इतिहासाच्या एम.ए.चं पहिलं वर्ष झालं, लग्न झालं आणि मी नवऱ्यामागोमाग इथे आले. दुसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. तिने मात्र दोन मुलं सांभाळून इथल्या सगळ्या परीक्षा दिल्या आणि पस्तीस वर्षं दिमाखात प्रॅक्टिस केली. तेव्हा निदान इतिहास तरी माझ्या वाट्याला यावा, एवढीच माझी अपेक्षा होती.

त्या सत्रात एपिरस होतं, ग्रीसच्या वायव्येचं डोंगराळ राज्य. तिथला एक राजा रोमनांशी लढला, जिंकला, पण जिंकताना इतकी माणसं गमावून बसला की ते जिंकणंच त्याच्या अंगाशी आलं. हा राजा म्हणे उजव्या पायाने पोट दाबून लोकांची पोटातली दुखरी प्लीहा बरी करायचा. प्रोफेसरबाईंनी हे सांगितलं आणि आमच्या डॉक्टरांनी हात वर केला.

"मग आम्ही इतकी वर्षं उगाचच हाताने पोटं तपासली म्हणायची!" ती इंग्रजीत म्हणाली. सगळा वर्ग हसला. विशीतली पोरंसुद्धा मागे वळून तिच्याकडे बघायला लागली.

त्या दिवसापासून बाई प्रत्येक तासाला "आपल्या डॉक्टरांना विचारू या" म्हणू लागल्या. तिने पुस्तक धड उघडलेलंही नसायचं. मी पानं न् पानं पेन्सिलीने रंगवून जायचे, पण माझं इंग्रजी वाक्य मनात जुळेपर्यंत चर्चा कुठल्या कुठे गेलेली असायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. घरी आल्यावर मी तिचे विनोद नवऱ्याला मुद्दाम सपक करून सांगायचे.

शेवटच्या तासाला आम्हा मागच्या मंडळींनीही एपिरसच्या एकेका नामवंतावर दहा मिनिटं बोलायचं ठरलं. नावं लिहायचा कागद फिरत आला. मी दोन आठवडे राजाची तयारी करत होते. कागद आधी तिच्या हातात गेला आणि तिने राजा घेतला. मला उरली हिंदुस्थानापर्यंत पोचलेल्या त्या जगज्जेत्याची आई, सापांना जवळ घेऊन झोपणारी राणी. मला तर सापाचं चित्रही बघवत नाही.

परतताना गाडीत ती म्हणाली, "अगं, तो राजा शेवटी मेला कसा? मी तिथपर्यंत वाचलंच नाही यार."

मला तो शेवट तोंडपाठ होता. एका शहराच्या गल्लीत लढाई चालली होती. एका साध्या पोराने राजाला भाला मारला, म्हणून राजा त्याच्यावर उलटला. पोराची म्हातारी आई छपरावरून बघत होती. तिने दोन्ही हातांनी एक कौल उपसलं आणि राजाच्या मानेवर घातलं. राजा घोड्यावरून खाली आला तो संपलाच.

मी म्हणाले, "लढाईत मेला. बाकी काही विशेष नाही."

शेवटच्या तासाला तिने तसंच सांगितलं. बाईंनी विचारलं, "लढाईत, पण नेमका कसा? कोणाला माहीत आहे?" मी ताडकन हात वर केला. शब्द अडले नाहीत, वाक्यं आपोआप येत गेली. दोन्ही हात उचलून मी कौल कसं घातलं तेही दाखवलं. मग टाळ्या पडल्या आणि सगळ्यात जोरात तीच वाजवत होती. मला मात्र आनंदापेक्षा मस्तीच चढली होती.

गाडीत बसल्यावर मन खाऊ लागलं. "मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"माहितेय," ती आरसा नीट करत म्हणाली. "परवा वाचलं मी ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू राजासाठी मरत होतीस हे कागद पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तू तोंड उघडशील तर ना! म्हटलं, निदान शेवट तरी तुझ्यासाठी ठेवावा."

तिने गाडी सुरू केली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या होत्या, त्याही तिने दिलेल्या. आभार मानायला हवे होते. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.