सर्जेरावाचा खरा अभिप्राय

सर्जेराव गेला, आणि तीन आठवड्यांपूर्वी सांगलीत त्याची शोकसभा झाली. ग्रंथालयाचे अध्यक्ष म्हणाले, "रॉक संगीताचा आपला मोठा कोश सर्जेरावांच्याच शिफारशीने आला. त्यांचा अभिप्राय आजही त्यात चिकटवलेला आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या... शोकसभेत! मी उठून बाहेर आलो. ते विधान खोटे आहे. हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण त्या काळी ग्रंथालयाचा चिटणीस मी होतो.

सर्जेराव मूळचा आष्ट्याकडचा, ऊसवाल्या घरातला. साताऱ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. पुढे तो सैन्याच्या बँडमध्ये ड्रम वाजवू लागला आणि छावणीच्या क्लबात परदेशी रेकॉर्डी ऐकून रॉक शिकला. सत्तरच्या दशकात निवृत्त होऊन तो साताऱ्यात स्थायिक झाला. त्याच सुमारास पुण्याच्या एका विक्रेत्याने आमच्याकडे रॉक संगीताचे दोन कोश पसंतीसाठी पाठवले. एक जाडजूड, रंगीत चित्रांचा. दुसरा लहान, बारीक टाइपाचा, चित्र एकही नाही. घ्यायचा एकच होता. यावर अधिकाराने बोलू शकेल असा माणूस या भागात मला एकच ठाऊक होता.

सर्जेराव दोन्ही कोश एसटीने साताऱ्याला घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी परत आला. त्याची परीक्षा कडक होती. आधी स्वतःला पक्की ठाऊक असलेली नावे काढायची; तिथेच चूक निघाली तर अनोळखी नावांबाबत विश्वास ठेवायचा नाही. मग फूटपट्टी घेऊन नोंदी मोजायच्या. जाड कोशात गायकाला दीड पान होते आणि त्याच्या ड्रमवाल्याला एक ओळ. ज्या काळ्या वादकांपासून हे संगीत निघाले, त्यांना तीही नव्हती.

"गड्या, हा कोश न्हाई, लग्नाचा अल्बम हाय," तो म्हणाला. "नवरा-नवरी झ्याक दिसत्यात. सैपाक कुणी केला, त्याचा पत्त्या न्हाई."

"आणि लहान कोशात चुका नाहीत?"

"हायती की. विलायतेचं कौतुक जरा लयच केलंय. पर तसं परस्तावनेत कबूल केलंय बाबानं. आन् कोण काय वाजवतो ते सांगतोय. सांगलीत रेकॉर्डी हायती कुणाकडं? ज्यानं ऐकलंच न्हाई, त्याला 'गिटार विजंवानी कडाडली' म्हणून काय कळायचं रं?"

संदर्भग्रंथाविषयी इतका नेमका प्रश्न आमच्या समितीत कधी कोणी विचारला नव्हता. जाड कोशाविषयी त्याने लेखी दिले, "छायाचित्रे उत्तम आहेत, परंतु मजकुरावर भरवसा ठेवू नये. घेऊ नये."

समितीला जाड कोशच हवा होता. नव्या संदर्भदालनाचे उद्घाटन व्हायचे होते आणि काचेच्या कपाटात तो शोभून दिसला असता. पुस्तकाच्या आतल्या बाजूस जाणकाराचा अभिप्राय टंकून चिकटवण्याची आमची प्रथा होती. एक सदस्य म्हणाले, "पहिले तीन शब्द तेवढे घ्या. शब्द त्यांचेच आहेत ना?" शब्द त्याचेच होते. ते मी टंकले. खाली त्याचे नाव घातले.

उद्घाटनाला तो आला. कपाटापाशी उभ्याने त्याने चिठ्ठी वाचली. "हे तुमी लिवलं व्हय, चिटणीससाहेब?" ... शाळेपासून 'गड्या' म्हणणारा माणूस. त्यानंतर तो मला कधीच 'तू' म्हणाला नाही.

दुसऱ्या कोणीही पुन्हा अशा ग्रंथालयाचे तोंड पाहिले नसते. सर्जेराव मात्र दर दोन महिन्यांनी साताऱ्याहून येऊ लागला. वाचनालयात बसून तो जाड कोशाची पाने पेन्सिलीने दुरुस्त करी. का, असे मी एकदाच विचारले. "माझं नाव वाचून लोक इस्वास ठेवत्याली. मग नीट कराय नगं?" पुस्तकात लिहिण्यास मनाई असल्याची पाटी मीच लावली होती. त्याच्याकडे मी पाठ फिरवून बसत असे. याहून अधिक मी त्याच्यासाठी काही केले नाही.

शोकसभेतून मी थेट वाचनालयात गेलो आणि कोश काढून घेतला. ड्रमवाले, बासवाले, विसरलेले काळे वादक, सगळे समासात बारीक अक्षरांत उभे आहेत. काही नोंदींपुढे लिहिले आहे, "हे मी ऐकलेले नाही." त्या बिनभरवशाच्या कोशात आता भरवसा ठेवावा असे जे आहे, ते पेन्सिलीने लिहिलेले आहे. आतल्या चिठ्ठीला मात्र त्याने कधी हात लावलेला नाही. ती माझी होती.

मी खिशातले पेन काढले.

"आजोबा, पुस्तकात लिहायचं नसतं," देवघेवीच्या टेबलामागची मुलगी म्हणाली. "आणि तेही शाईनं!"

"ठाऊक आहे," मी म्हणालो, आणि गाळलेले शब्द लिहून खाली सही केली.