लाल रेघ

जर्मन सर हजेरी घ्यायला लागले की आम्हाला कंटाळा यायचा. वर्गात पोरं दहा, काम दोन मिनिटांचं. पण सर एक नाव पुकारायचे, चष्म्यावरून बघायचे आणि त्या पोरानं उभं राहून "इख बिन दा", म्हणजे "मी इथे आहे", असं म्हटल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत. कुणी आलेलं नसलं तरी तेवढंच थांबायचे. मग सावकाश गैरहजेरीची खूण. लातूरच्या त्या शाळेत बाकीचे मास्तर एका दमात साठ पोरं उरकायचे, आणि आम्ही इकडे ताटकळत बसायचो.

सर मूळचे उदगीरचे. तरुणपणी हैदराबादेत छापखान्यात होते. तिथं जर्मनीहून एक यंत्र आलं, ते बसवायला आलेल्या माणसाशी बोलता बोलता भाषेचा नाद लागला, मग त्यांनी रीतसर परीक्षा दिल्या. शाळेत आठवीपासून संस्कृत किंवा जर्मन घेता यायचं. जर्मन घेणारे आम्ही म्हणजे सगळ्यांना येडेच वाटायचो. सरांच्या टेपरेकॉर्डरचे सेल कायम मरायला टेकलेले. तासाआधी सर ते खिडकीत उन्हाला ठेवायचे. तरी टेपमधली बाई तापातून उठल्यासारखी बोलायची. "तुमच्यासाठीच हळू बोलायलीय ती बेटा," सर म्हणायचे, "ऐका नीट."

एकदा मी वैतागून म्हटलंच, "सर, बघून टिक करा की. आम्ही दिसतो ना समोर!" मला वाटलं रागावतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि भूकंपाचं सांगितलं. मदतीला आलेल्या जर्मन डॉक्टरांचे सर दुभाषे होते, आणि तंबू वाटायची यादीही त्यांच्याच हातात होती. नाव दोनदा पुकारायचं, ओ आली नाही की माणूस गेला असं धरून लाल रेघ मारायची. चौथ्या दिवशी एक म्हातारा तंबू मागायला आला. लेकीकडं मुखेडला गेलेला, म्हणून वाचलेला. सरांनी यादी बघितली तर त्याच्या नावावर रेघ. म्हातारा एवढंच म्हणाला, "मी हाय की, साहेब."

"त्याला मी मारून टाकलं होतं, बेटा. घाईघाईत," सर म्हणाले. "तवापासून माझ्या हातून कुणाच्या नावावर रेघ निघत न्हाई." त्यानंतर हजेरीला कुणी कुरकुर केली नाही.

नववी सुरू झाली आणि लातूरच्या अंगात क्लासचं वारं आलं. गल्लोगल्ली पाट्या लागल्या. माझे वडील मुखेडकडचे, घरची शेती. मला मावशीकडं ठेवलेलं, ते डॉक्टर करायचं म्हणूनच. क्लासवाल्या सरांनी वडिलांना समोर बसवून सांगितलं, "जर्मन कशाला? संस्कृत द्या. पैकीच्या पैकी पडतात." इकडे हेडमास्तरांनी बजावून ठेवलेलं, की दहाच्या खाली पोरं आली तर जर्मन बंद, मग उरलेल्यांनीही संस्कृतात बसायचं. आम्ही बरोबर दहा होतो. मला हे पक्कं ठाऊक होतं. तरी मी गेले.

"सर, माझं नाव कापा," मी मान खाली घालून म्हटलं.

"तू जा बेटा. मन लावून शिक," सर म्हणाले. "नाव राहू दे."

संस्कृतचा तास शेजारच्याच खोलीत. मधली भिंत पातळ. रोज सगळ्यात शेवटी माझं नाव ऐकू यायचं, आणि मग ती शांतता. मी पुस्तकात तोंड खुपसून बसायचे. शरम वाटायची, आणि शरमेपेक्षा रागच जास्त यायचा, की हा माणूस मला सोडत का नाही! एकदा हेडमास्तर पलीकडं सरांच्या वर्गात आल्याचं ऐकू आलं. "नऊच दिसतात. दहावी पोरगी कुठंय?"

"आज आली न्हाई साहेब," सर म्हणाले.

खोटं काहीच नव्हतं त्यात. रोज आली नाही, एवढंच. त्या एका न कापलेल्या नावावर बाकीची नऊ पोरं दहावीपर्यंत जर्मन शिकली. त्यांच्यानंतर मात्र नवं कुणी आलं नाही. विषय बंद झाला आणि सरांची नोकरीही गेली.

मी डॉक्टर झाले नाही. दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात हुकले, आणि जीव पार विटला. मग कशानं कोण जाणे, जर्मनच उचललं. आता नांदेडात जर्मनीला निघालेल्या नर्स मुलींना शिकवते. पाटीवर लिहिलंय, तीन महिन्यांत जर्मन. मुली उत्तरं पाठ करतात, मी तपासते. घसा बसतो, पाय दुखतात. यादीत बारा नावं, येतात सात. रोज बाराही पुकारते. मुली घड्याळ बघतात.

मागच्या उन्हाळ्यात नांदेडच्या एसटी स्टँडवर सर भेटले. उमरीच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसले होते, हातात पाण्याची बाटली. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. मी वाकून पाया पडले, नाव सांगितलं. सरांनी सवयीनं चष्म्यावरून बघितलं.

"गैरहजर," ते म्हणाले.

मला रडूच फुटलं. सगळ्या स्टँडसमोर शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, "इख बिन दा, सर."

सरांनी चाचपडत बाकड्यावरची पिशवी बाजूला घेतली.

"लई उशीर केलास, बेटा," ते म्हणाले. "बस."