ठिबकवाले आबा आणि टेलची बहीण

सणसरच्या गेणबांना गाव 'ठिबकवाले आबा' म्हणे आणि ते त्यांना मनापासून आवडे. कालव्याच्या चारीच्या तोंडाशी असलेल्या त्यांच्या उसात गावातलं पहिलं ठिबक बसलं. तेव्हापासून लग्न असो की बारसं, पाणी कसं वाचवावं हे चार जणांना ऐकवल्याशिवाय त्यांना पंगतीतला घास गोड लागत नसे. इंदापूरच्या मेळाव्यात सत्काराची शाल मिळाली, तर भर उन्हात ती पांघरूनच ते एसटीनं घरी आले.

त्यांचं भाषण न ऐकणारं एकच माणूस होतं, धाकटी बहीण धोंडाबाई. तिला गावातच दिलेली, पण तिचं रान त्याच चारीच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटाला. दोन वर्षं पाण्याची पाळी तिच्या बांधापर्यंत पोचेना आणि पेरूची बाग वाळायला लागली.

"दादा, पाणी तूच पितुयास वरच्या वर," ती एकदा म्हणाली.

पाणी वाचवणाऱ्या माणसाला असं म्हणायचं! गेणबा फुगून बसले. यंदा भाऊबीजेला तिनं ओवाळलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. ते मात्र गेणबांना फार लागलं.

अशात नात स्वरूपा पुण्याहून आली. ती अर्थशास्त्रात संशोधन करत होती. तिनं लॅपटॉपमध्ये बारामती-इंदापूरचा अख्खा संसार मांडला होता. ऊस, कारखाना, दूध, मजुरी, बाजार, कालव्याचं पाणी, सगळं एकमेकांत गुंतवलेलं. सरकारनं एक दोरी ओढली की बाकीचं काय काय हलतं, ते त्यात बघायचं.

"ठिबकाचं अनुदान वाढवून बघ की," गेणबा शाल सारखी करत म्हणाले.

स्वरूपानं बघितलं आणि जरा घुटमळली. "आबा, पाणी वाचत न्हाय यात. ऊस वाढतोय."

"मशीन बिघडलं आसंल."

"न्हाय ओ. ऊस कारखाना घेणारच, मग वाचलेल्या पाण्यावर वरची माणसं आणखी ऊसच लावत्यात. टेलला पाणी जायाचं कसं?"

"कोण लावतंय? नावं सांग. एकेकाला बघतो."

"यात नावं नसत्यात, आबा."

गेणबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. गोठ्यामागच्या जुन्या पडीक रानात, ठिबकाच्या जिवावर लावलेला नवा ऊस डोक्याच्या वर गेला होता. आल्यागेल्याला तोच तर ते कौतुकानं दाखवत. त्यांना लाज वाटली. लाज वाटायची सवय नसल्यामुळं ते लॅपटॉपवरच चिडले.

सकाळी ते शाल न घेताच टेलला गेले. धोंडाबाई विकतच्या टँकरचं पाणी बादलीनं एकेका झाडाला घालत होती.

"धोंडे, गोठ्यामागचा ऊस तुटला की मोडून टाकतो. फुटव्याचा खोडवाबी ठेवत न्हाय. तेवढं पाणी खाली सोडायचं," गेणबा म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर ते गेणबा कसले? "स्वरूपाच्या कंप्युटरनं शोधून काढलंय. वरची माणसं काय करत्यात, वाचलेल्या पाण्यावर..."

"ह्येच मी दोन वर्सं सांगतीया," धोंडाबाई म्हणाली. "पर मी कंप्युटर न्हवं ना."

बहीण बोलली, याचंच गेणबांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"रडू नगं. ऊस तुटंस्तवर ही झाडं थांबत्यात व्हय?" तिनं भरलेली बादली त्यांच्या हातात दिली. "धर. त्या कडंच्या वळीला घाल. आन् सांडू नगंस दादा, पाणी वाचवायचं असतंय."