मॅडमचं ‘हं, मंग?’

मॅडमचा आवाज मी डिलीट केला.

स्वतःच्या हाताने. आणि वर्षभर त्यांच्या मुलीशी खोटं बोललो.

सुलभा मॅडम आमच्या इतिहास विभागाच्या हेड, माझ्या पीएचडीच्या गाईड. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. बेसा भागातल्या आपल्या घरी सकाळी चहा गॅसवर ठेवला आणि खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

सकाळपासून सगळे त्यांचे फोटो टाकताहेत. शिल्ड घेतानाचा, प्रदर्शनाची फीत कापतानाचा. फोटो माझ्याकडेही आहेत, पण मला आज हे लिहायचंय.

विभागाच्या अहवालात मौखिक इतिहासाचा जो प्रकल्प पहिल्या पानावर मिरवतो, तो मॅडमचा. रामटेककडच्या गावांत जायचं. धानाच्या रोवणीत आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या बायांना बोलतं करायचं, रेकॉर्ड करायचं. रेकॉर्डर माझ्याकडे.

पहिल्याच दिवशी एक आजी बोलता बोलता थांबली. मी लगेच पुढचा प्रश्न टाकला. कामसू ना मी.

परतताना गाडीत मॅडमनी माझी बिनपाण्याने केली.

"काहून मधात तोंड घातलं गा? ते थांबली म्हणजे संपली नाही. आठवून राहिली होती ते."

मॅडम स्वतः एक प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. समोरची थांबली की थोडा वेळ जाऊ द्यायच्या. मग हळूच म्हणायच्या,

"हं. मंग?"

बस, एवढंच. आणि ती बाई सासर, उपास, दगावलेलं लेकरू, सुनेलाही कधी न सांगितलेलं सगळं सांगायची.

मग प्रदर्शन ठरलं. लोक हेडफोन लावून या बायांचे आवाज ऐकणार होते. मी मॅडमना विचारलं, तुमचा आवाज मधेमधे येतोय, ठेवू का?

"लोक मले ऐकाले येऊन राहिले का गा? काढून टाक मले. त्या बायाईले बोलू दे."

मी काढलं. तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक ‘हं, मंग?’ वेचून काढलं. आठवडाभर तेच करत होतो. काम इतकं सफाईदार झालं की माझी मीच पाठ थोपटून घेतली.

हार्ड डिस्क भरली होती, म्हणून मूळ रेकॉर्डिंगही उडवलं.

मूळ साधन जपा, असं मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

प्रदर्शन गाजलं. विभागाला शिल्ड मिळालं. पेपरात फोटो आला, त्यात मॅडम कडेला आणि मी मधोमध.

दोन महिन्यांनी मॅडम गेल्या.

तेरवीला त्यांची मुलगी ऋचा माझ्याजवळ येऊन बसली. पुण्याला नोकरी करते. मला म्हणाली,

"दादा, आईचा आवाज असेल ना तुमच्याकडे? एवढं रेकॉर्डिंग केलं तुम्ही."

मी म्हटलं, भाषणाचे व्हिडिओ आहेत की विभागात.

"ते पाहिले. ती हेड आहे, दादा. शुद्ध बोलणारी. मला घरातली पाहिजे. मी शाळेतून आले की भडाभडा सगळं सांगायची. आई भाजी चिरता चिरता नुसतं म्हणायची, हं, मंग? तेवढं मिळालं तरी पुरे."

तेवढंच मी वेचून फेकलं होतं.

मी म्हटलं, "शोधतो."

सीताबर्डीला एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्क नेली. त्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि म्हणाला, "सर, त्याच्यावर दुसरं लिहिल्या गेलं. आता काही होत नाही."

तरी मी ऋचाला ‘शोधतो’च म्हणत राहिलो. दिवाळीत तिने विचारलं, संक्रांतीला विचारलं. मग तिने विचारणं सोडलं. ते जास्त लागलं.

गेल्या आठवड्यात नव्या मुलांना घेऊन त्याच गावात गेलो. पहिल्या दिवशीची ती आजी ओसरीवर बसली होती. आधी माझ्या मागे पाहिलं.

"तुमच्या बाई काहून नाही आल्या?"

मी सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मीही बोललो नाही. एवढं तरी शिकलोय.

मग म्हणाली, "मधात बोलत नव्हती गा ते बाई. हं म्हणे, मंग म्हणे, अन् बसून राहे. तिच्यापाशी लपवणं जमेच नाही."

येताना मुलं गाडीत गाणी लावून बसली होती. माझ्या डोक्यात आजीचं ते शेवटचं वाक्य फिरत होतं.

काल ऋचाला फोन केला. मनीषनगरच्या माझ्या बाल्कनीत उभा राहून एका दमात सांगून टाकलं.

"ऋचा, आईचा आवाज नाहीये. मीच काढला, मीच डिलीट केला. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. तुझ्याशी खोटं बोललो."



फोन कट झाला की काय म्हणून पाहिलं. चालू होता. तोंडात ‘सॉरी’ आलं होतं, ते गिळलं. थांबली म्हणजे संपली नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मग पलीकडून हळूच आलं,

"हं. मंग?"

तोच आवाज होता. तीच पट्टी, ‘मंग’वरचा तोच हलका जोर.

मी रडलो. चाळिशीचा माणूस बाल्कनीत हुंदके देऊन रडलो. ऋचाला मी का रडतोय ते आधी कळलंच नाही. सांगितलं, तेव्हा तीही रडली. मग मी तिला सगळं सांगितलं. गाडीत खाल्लेल्या शिव्या, रोवणीवाल्या बाया, आईने कुणाला कसं बोलतं केलं ते. मी थांबलो की ती तेवढंच म्हणायची.

यंदाचा अहवाल मीच लिहितोय. प्रकल्पाच्या पानावर या वेळी एक ओळ जास्त आहे: ‘या सर्व मुलाखतींत प्रश्न विचारणारा आवाज डॉ. सुलभा मॅडम यांचा होता. तो आमच्या चुकीने नष्ट झाला.’

मॅडम, तुम्ही ‘काढून टाक मले’ म्हणालात, ते मी ऐकायला नको होतं.

चुकलो. तुमच्या या आगाऊ विद्यार्थ्याचा शेवटचा नमस्कार.