कुळथाच्या मुळांवरची बिऱ्हाडं

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुळथाची पिठी ढवळत होते. पीठ तिनेच दिलेलं, तिच्या लांज्याच्या जमिनीतलं. पिठी करपली, तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही... त्याला महिना उलटून गेला.

रत्नागिरीच्या एकाच शाळेत आमचं आयुष्य गेलं. ती जीवशास्त्र शिकवायची, मी मराठी. सूक्ष्मजीवांबद्दल ती शेजारपाजारच्या माणसांसारखं बोलायची. "पोटात आपल्या बिऱ्हाडं आहेत गो, त्यांची मर्जी राखावी लागते," म्हणत ताकाचा पेला पुढे करायची. आम्ही तिची यथेच्छ थट्टा करायचो.

निवृत्तीनंतर तिने वडिलांच्या लांज्याच्या कातळ जमिनीवर मातीची भर घालून कुळीथ पेरले. मुंबईच्या भावाला, शरदला, ती जागा विकायची होती. नलूताईचा मात्र त्या जागेवर जीव. पहिल्या वर्षी रोपं पिवळी पडली. "आणखी एक पीक बघू, नाहीतर विकू," शरदने बजावलं. पण नलूताई खचणारी नव्हती. कुळथाच्या मुळांवर गाठी करून राहणारे जिवाणू हवेतला नत्र रोपाला देतात आणि रोप त्यांना साखर पुरवतं. नव्या भरावात ते जिवाणूच नाहीत, असं तिचं म्हणणं. मग शेजारच्या सखूकाकीच्या जुन्या शेतातली माती मागायला आम्ही दोघी गेलो. पेरणीच्या तोंडावर शेतातली माती कुणाला द्यायची नाही, ही तिथली रीत.

"माती दिली तर बरकत जाईल बाय," काकी म्हणाली.

"माती तुझीच गो काकी. त्यातली चार बिऱ्हाडं माझ्याकडे राहायला पाठव. पीक निघालं की पाटी भरून परत आणते."

काकीला हसू आवरेना. तिने स्वतः पाटी भरून दिली.

गुळाच्या पाण्यात ती माती कालवून नलूताईने बियाण्याला चोळली. त्या वर्षी कुळीथ हिरवेगार झाले. शरद आला तेव्हा तिने एक रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली. "आत लालसर दिसतंय ना? म्हणजे मंडळी कामाला लागलीत." विक्रीचा विषय मागे पडला आणि काकीची पाटीही परत गेली. इतक्या हट्टी आणि इतक्या आनंदी माणसाचा सहवास मला मिळाला, हे माझं भाग्य.

ती गेल्यावर जागा विकली जाणार, ही धास्ती मला होती. परवा तिच्या रत्नागिरीतल्या मांडवीच्या घरी गेले. गॅलरीत ओल्या गोणपाटाखाली पुढच्या पेरणीसाठी तिने राखलेलं शेतातल्या मातीचं घमेलं होतं. गोणपाट वाळू नये म्हणून शरद त्यावर पाणी शिंपडत होता. मला बघून त्याने विचारलं,

"ह्यात गूळ किती घालायची गो ती?"